खंडेनवमीची स्वारी

टी. नगरच्या बालाजीरावांच्या घरी आलेला पाहुणा दोन गोष्टी घेतल्याशिवाय सुटत नसे. एक कॉफी, आणि दुसरी शहाजीरावांची गोष्ट. तंजावरच्या फौजेतले हे पूर्वज लढाईत पडले, तेव्हा सगळे घाव छातीवर होते, पाठीवर ओरखडासुद्धा नाही. त्यांची तलवार अजून घरात होती. तिला धार उरली नव्हती, पण बालाजीरावांच्या अभिमानाला होती. स्वतः ते बँकेत झिजले आणि मुलगा कार्तिक सिरुसेरीच्या आयटी पार्कात गार खोलीत बसून बटणं दाबतो, हे शल्य त्यांना जन्माचं होतं. आपल्या वंशात पुन्हा एक तरी लढवय्या निपजावा, एवढंच त्यांचं देवीकडे मागणं.

दोन हजार आठच्या खंडेनवमीला त्यांच्या पत्नी राजसबाईंनी तलवारीशेजारी कार्तिकचा लॅपटॉपही मांडला. त्याला चंदनाचं बोट लागलं, पुढे चुरमुऱ्यांचा नैवेद्य आला. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा घरचा कडक नियम. आणि दुपारीच ऑफिसचा फोन आला.

कार्तिकने लॅपटॉपला हात घातला तसे बालाजीराव आडवे आले. तेव्हा नाइलाजाने कार्तिकने आजवर गुळमुळीत ठेवलेलं काम सांगितलं. परदेशातल्या एका कंपनीची वैमानिकाशिवाय उडणारी लढाऊ विमानं होती. खाली जे दिसतं त्यातलं काय टिपायचं, हे ओळखणारा प्रोग्राम त्याची टीम लिहीत होती. तो अडकला होता आणि विमानं जमिनीवर खोळंबली होती.

बालाजीरावांचे डोळे भरून आले. पोर लढाईवर होतं आणि बापाला पत्ता नव्हता. त्यांनी नियम खुंटीला टांगला, लॅपटॉप स्वतः उचलून मुलाच्या हाती दिला आणि राजसबाईंना औक्षण करायला लावलं. लुंगीतला माणूस सोफ्यावर बसणार, त्याला कसलं ओवाळायचं, असं त्या पुटपुटल्या, पण त्यांनी ओवाळलं. कॉफी निवायच्या आत स्वारी फत्ते झाली. विमानं उडाल्याचा फोन आला.

परतलेल्या वीराला ओवाळायला राजसबाई पुन्हा निरांजन घेऊन आल्या. बालाजीरावांनी हौसेने विचारलं, शत्रू कोण होता. ते आम्हाला सांगत नाहीत, असं कार्तिक म्हणाला. किती पडले, तेही त्याला ठाऊक नव्हतं. बालाजीराव जरा घुटमळले. मग त्यांनी घराण्याचा प्रश्न विचारला.

"घाव कोठें लागतो रे त्यांना? छातीवर की पाठीवर?"

"वरून, अप्पा," लॅपटॉप मिटत कार्तिक म्हणाला. "ते वर बघतही नसतात."

राजसबाई तबक घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कार्तिक लॅपटॉप पुन्हा पूजेत ठेवायला गेला, तेव्हा बालाजीरावांनी हात आडवा केला आणि तो तिथे ठेवू दिला नाही. बापाला लाज वाटली होती, आणि ती कुणाची, हे त्यांना धड सांगता येत नव्हतं.

त्यानंतर त्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना नुसती कॉफी मिळू लागली.