मीठ टाकलेला डोंगर

माझ्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी मी चित्रं काढायला लागलो. वय एकाहत्तर. अक्षरं साठीला शिकलो होतो, त्यामुळे उशिराची लाज आधीच मोडली होती.

झालं असं, की दादा, माझा थोरला भाऊ, अंथरुणाला खिळला होता. एकदा मला म्हणाला, "आपल्या घरामागचा डोंगर कसा होता रे? डोळे मिटले तर नुसता करडा ढीग दिसतो." डोंगर रस्त्यासाठी फोडून वीस वर्षं झाली होती. फोटो एकही नव्हता. मला तो आठवत होता, पण तोंडाने सांगून डोंगर दिसतो होय?

वाचनालयाच्या माडीवर एक बाई जलरंग आणि शाईची चित्रं शिकवायच्या. माझ्या सुनेपेक्षा लहान. मी आणि दादा जन्मभर गवंडी, त्यातही गिलाव्याचे. खडबड दिसली की हात आपोआप धावतो. मी डोंगर रंगवायचो आणि ब्रशने घोटून घोटून सपाट करायचो. बाई म्हणाल्या, "काका, भिंत छान झाली. आता डोंगर काढा." सगळे हसले, मीही हसलो.

मग त्यांनी एक गंमत दाखवली. ओल्या रंगावर जाडं मीठ भुरभुरायचं. प्रत्येक खडा भोवतालचं पाणी ओढतो आणि सुकल्यावर तिथे कातळासारखे पांढुरके डाग उठतात. रंग फार ओला असला तर मीठ विरघळतं, सुकला असला तर नुसतं पडून राहतं. बाकीच्यांची वेळ चुकायची. माझी नाही. ओल्या गिलाव्याची चमक जाते तो क्षण मी चाळीस वर्षं ओळखत आलोय. अवघड होतं ते पुढचं, हात न लावणं. मीठ टाकलं की मी डाव्या हाताने उजवा धरून बसायचो. भेगांसाठी काडी शाईत बुडवायची, हे त्यानंतर शिकलो. घरी डब्यात मीठ टिकेना. बायको म्हणे, भाजी अळणी आणि डोंगर खारट.

नववा कागद दादाकडे नेला. त्याला उशीला टेकवून बसवलं. त्याने कागद आडवा-उभा फिरवून पाहिला. मला वाटलं, ओळखला नाही. मग बोट टेकवून म्हणाला, "ही भेग उजवीकडे होती. हिच्यात तुझा पाय अडकला, गाढवा, आणि आईने मार दिला मला."

मी दौत आणि काडी पुढे केली. त्याचा हात थरथरत होता, त्यामुळे रेघ वेडीवाकडी गेली आणि खऱ्या भेगेसारखी दिसली. मग त्याने माथ्याकडे जाणारी एक पायवाट काढली. ती मी पार विसरलो होतो. कुठे वळायची, कुठे दम लागायचा, सगळं सांगत गेला. संध्याकाळपर्यंत थांबलाच नाही.

दादा त्यानंतर सतरा दिवसांनी, सोमवारी सकाळी चहा घेतल्यावर गेला. वय अठ्ठ्याहत्तर.