पेल्यातलं पाणी

बायकोचा आतेभाऊ आवाजाने काचेचा पेला फोडायचा. आधी पेल्यावर टिचकी मारून त्याचा सूर ऐकायचा आणि नेमका तोच लावायचा. बायको भान हरपून बघायची. नवऱ्याकडे तिने असं कधीच पाहिलं नव्हतं.

आज टिचकी झाल्यावर नवऱ्याने हळूच त्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी ओतलं. "पेला हलायला नको," तो पुटपुटला. पाण्याने पेल्याचा सूर उतरतो, हे त्याने वाचलं होतं.

आतेभाऊ लालबुंद होईपर्यंत गायला. पेला ढिम्म.

"घसा सुकला रे तुझा," बायको कळवळली. "अहो, बघत काय बसलात? तेच पाणी द्या त्याला."

आतेभावाने पेला रिकामा करून ठेवला आणि पुन्हा तोच सूर लावला.

नवरा आधीच केरसुणी आणायला उठला.