ऑर्विलची चौतीस कंबर

आमच्या नेवाडातल्या गुराख्यांना एक वेळ देव बदललेला चालेल, जीन्सचा कट बदललेला चालत नाही. माझ्या आजोबांच्या काळात खाणीतले गडी हीच विजार खांद्यावरच्या गॅलिसला अडकवून घालत. तेव्हा तिच्या प्रत्येक सांध्यावर तांब्याचं रिव्हेट, म्हणजे बटणासारखी खिळी, ठोकलेलं असे, अगदी दोन पायांच्या मधोमधसुद्धा. शेकोटीपाशी उकिडव्या बसलेल्या गड्याचं ते रिव्हेट तापलं की तो कसा उडायचा, हे आजोबा नाचून दाखवत. मग ते रिव्हेट गेलं. मागच्या खिशांवरची रिव्हेटं घोड्याचं खोगीर ओरबाडत, म्हणून तीही गेली. पुढे बटणांच्या जागी चेन आली, तेव्हा म्हाताऱ्यांनी आमच्या याच दुकानात असा गळा काढला, जणू गावात पटकीची साथ आली. आणि आता, चौऱ्याहत्तर साली, पोरं बेलबॉटम मागतात, गुडघ्याखाली परकर जोडलेली. मी विकते. माझ्या बापाचं काय जातं?

या सगळ्यात एकच गोष्ट म्हणे बदलली नव्हती, ऑर्विल स्टकीची कंबर. उधळणाऱ्या घोड्यावर टिकून पदक जिंकला तेव्हा चौतीस, आणि साठीला टेकला तरी चौतीस. जीन्सच्या मागे कमरेचा आकडा छापलेली चामड्याची पट्टी असते ना, ती तो आल्यागेल्याला पाठ फिरवून दाखवी. दुसऱ्यांच्या पट्ट्याही मोठ्याने वाची. "काय रे बड, चाळीस? गाभण आहेस का?"

आता खरं काय ते ऐका. ऑर्विलचं पोट पट्ट्यावरून ओसंडत होतं. त्याची बायको व्हर्ना माझ्याकडून बेचाळीसची जीन्स न्यायची आणि घरी तिची पट्टी उसवून चौतीसची शिवायची. चर्चच्या बायका जुन्या जीन्सच्या गोधड्या करतात. त्यात चौतीसची पट्टी निघाली की ती व्हर्नासाठी बाजूला पडे. अख्ख्या गावाला ठाऊक, ऑर्विल सोडून. कुणी तोंड उघडलं नाही, कारण व्हर्नावर सगळ्यांचा जीव.

मग ऑक्टोबरात एक दिवस ऑर्विल दुकानात आला तो अंगातली घसरती जीन्स एका हाताने धरून.

"इडा, हे कसलं कापड आणतेस? जीन्स धुतली की आटते म्हणतात. ही तर फुगते!"

कापडाचं सोडा, माणूसच अर्धा झाला होता. डोळे खोल, गालांची हाडं वर आलेली. बोलता बोलता त्याने सोड्याची बाटली घटाघटा रिकामी केली, दुसरी फोडली, मागे संडासला जाऊन आला आणि तिसरी मागितली. माझी आई मधुमेहाने गेली ती अशीच पाणी पीत पीत.

"ऑर्विल, डॉक्टरला दाखव," मी म्हटलं.

"कशाला? इतक्या वर्षांत ज्याची कंबर इंचभर हलली नाही, त्याला कसला आजार? पट्टी वाच, बाई!"

मी त्याला चौतीसची कोरी जीन्स दिली, खरीखुरी. तो आतून घालून आला. ती झाली त्याला. झाली कसली, जरा सैलच पडली.

"बघा!" शेगडीभोवती बसलेल्या बड आणि कंपनीला तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मी व्हर्नाला फोन लावला.

ती पिठाच्या हातांनीच आली. "महिनाभर कानीकपाळी ओरडतेय, ऑर्विल! खाल्लेलं तुझ्या अंगी लागत नाही."

"आणि मी महिनाभर सांगतोय, पट्टी बघ..."

"मेली ती पट्टी!" तिने माझी कात्री उचलली, गल्ल्यापाशी पडलेली त्याची जुनी जीन्स ओढली आणि टराटरा पट्टी उसवली. "ही बेचाळीसची आहे. आधीचीही बेचाळीसची होती, त्याआधीची चाळीसची. तुझी चौतीस कंबर आपला डेल चालायला लागला तेव्हाच गेली. पट्ट्या मी बदलते."

"खोटं बोलतेस."

मी जुन्या जीन्सला टेप लावली. तो वाकून बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या कमरेकडे पाहिलं. एवढीशी वजाबाकी करायला कुणाला इतका वेळ लागलेला मी पाहिला नव्हता.

"आणखी कुणाला माहीत होतं?" त्याने विचारलं. बड छताकडे बघू लागला. "पाद्रीबाबांना?"

"ही पट्टी त्यांच्याच जीन्सची," व्हर्ना म्हणाली. "बारीक आहेत ते."

मग जो काही तमाशा झाला! ऑर्विलने गावाचा, चर्चचा, माझा, सगळ्यांचा उद्धार केला. "गाढव बनवलंत मला!"

"हो, बनवलं!" व्हर्ना कडाडली. "म्हातारा झालास हे कळलं असतं, तर घोडा सोडून दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुडला असतास. म्हणून शिवल्या. पण आता डोळ्यांदेखत वितळतोयस, आणि तीच पट्टी दाखवून मला वेड्यात काढतोस. माझ्या हातच्या टाक्यांनी मरू देऊ तुला?"

ऑर्विल बटाट्याच्या पोत्यावर बसला.

"डॉक्टर आहे का आत्ता?" त्याने कुणाकडेही न बघता विचारलं.

बड आधीच फोनपाशी पोचला होता. व्हर्नाने ऑर्विलचा दंड धरला आणि दोघं निघाली. त्याच्या नव्या जीन्सला माझी किमतीची चिठ्ठी लोंबत होती. मी जुनी जीन्स उचलली आणि गोधडीच्या खोक्यात टाकायला निघाले, तर दारातून तो परत आला.

"ती कुठे नेतेस?"

"चर्चला. गोधडीत जाईल."

"ठेव ती खाली." त्याने माझ्या हातातून ती हिसकावली आणि काखेत मारली. "मी बरा झालो की मग काय घालू?"