चिमीचे भाषांतर

शाळेने पाठवलेल्या दोघी बायका दारात आल्या, तेव्हा आई धाकट्याला भरवत होती. तिला इथली भाषा येत नव्हती आणि वडील कारखान्यात पाळीवर होते, म्हणून सात वर्षांची चिमीच मध्ये उभी राहिली.

“काय म्हणतायत गं?”

“तू खरंच माझं तंगडं मोडणार आहेस का, विचारतायत. काल जिन्यात उड्या मारल्या तेव्हा म्हणालीस ना, तंगडं मोडून हातात देईन? मी वर्गात सांगितलं ते.”

आईला हसू आले, पण समोरचे चेहरे पाहून ते ओसरले. “अगं भवाने, ते नुसतं बोलायचं असतं. सांग त्यांना, पोटच्या पोरांना कोण मारेल? तुम्हा दोघांशिवाय मी एक दिवस जिवंत राहायची नाही.”

चिमीने एकही शब्द न गाळता ते सांगितले. नव्या भाषेतली तिची वाक्ये आता फार स्वच्छ येत.

शेवटचे वाक्य ऐकताच दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग एकीने सावकाश जाऊन तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीचे उघडे दार लावले, आणि दुसरीने हसतमुखाने धाकट्याला उचलून घेण्यासाठी हात पुढे केले.