सहा नंबरची टाकी

एनॉक शिमवेलला कुणी म्हटलं असतं की क्लिफ बॅगशॉ एक दिवस तुझा घात करणार, तर त्यानं त्या माणसाला मुलामाखान्यातून हाकलून दिलं असतं आणि दुपारी डबा खाताना क्लिफलाच ते हसत हसत सांगितलं असतं. चोवीस वर्षं दोघं शेजारी शेजारी उभे होते. पाच नंबरची टाकी क्लिफची, सहा नंबरची एनॉकची. शेफिल्डच्या त्या कारखान्यात जर्मन सिल्व्हरचे काटे-चमचे यायचे आणि चांदीचे होऊन जायचे, म्हणजे वरून चांदीचे. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, फक्त तो पाहुण्यांना सांगत नाही, तेवढ्यावर आपली चूल पेटते, असं एनॉक म्हणायचा.

कामात घाई चालत नसे. चमचे तारांना बांधून टाकीतल्या रसायनाच्या पाण्यात सोडायचे, समोर चांदीचे पत्रे टांगायचे, करंट चालू करायचा आणि पन्नास मिनिटं गप उभं राहायचं. करंट वाढवला की चांदी भराभरा चढते खरी, पण चढते कशी? कडांना काळी जळकी आणि पोटावर रव्यासारखी खरखरीत. नवशिके हे करून बघतात आणि फोरमनच्या शिव्या खातात. एनॉकनंही तरुणपणी खाल्ल्या होत्या.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी क्लिफनं एक चूक केली. एनॉक बाहेर गेला होता म्हणून क्लिफनं त्याच्या टाकीत अर्धी चांदी चढलेले चमचे पुन्हा सोडले आणि घाईघाईत तारा उलट जोडल्या. चमच्यांवर चढायची ती चांदी चमच्यांवरूनच उतरायला लागली. एनॉक परतला, त्यानं बघितलं आणि चर्चच्या पायरीवर बोलता येणार नाही असं काहीबाही बोलून तारा नीट केल्या. तो घाणा निघाला मात्र सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. दुसरा कुणी असता तर वाचलो म्हणून विसरून गेला असता. एनॉकनं एक चमचा खिशात घातला आणि आठवडाभर त्यावरून अंगठा फिरवत बसला.

त्याच्या ध्यानात आलं ते असं. करंट उलटा फिरवला की चांदी आधी उंचवट्यांवरून सुटते. म्हणजे चढवायची, थोडी काढायची, पुन्हा चढवायची. रवाळपणा वर यायच्या आतच त्याची शेंडी कापायची. मग करंट दुप्पट केला तरी जळायला जागाच उरत नाही. पुढं दोन हिवाळे दोघांनी जेवणाच्या सुट्टीत, चरबी लावलेला पाव एका हातात धरून, हाच उद्योग केला. ट्रामच्या भंगारातला एक खटका बाकाखाली बसवला. एनॉकच्या बायकोच्या, आयडाच्या, जुन्या शिवणयंत्राचा पायानं हलवायचा पायटा आणून चमच्यांचा दांडा पाण्यात हलता ठेवला. वीस सेकंद सुलट, चार सेकंद उलट. पन्नास मिनिटांचं काम बावीस मिनिटांवर आलं, आणि वर मुलामा असा की पॉलिशखान्यातल्या बायका म्हणायला लागल्या, "ह्या चमच्यांना घासायचं काय, कपाळ?"

हे वर कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. त्यात लबाडी नव्हती, शहाणपण होतं. वरच्या मजल्यावर ट्रिकेट नावाचे नवे मॅनेजर आले होते आणि ते गळ्यात घड्याळ अडकवून हिंडत. बावीस मिनिटं त्यांना दिसली की नगाची मजुरी अर्धी आणि सहा टाक्यांवरची तीन माणसं घरी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एनॉकला छप्पन्नावं लागलं होतं. ह्या वयात त्याला दुसरी टाकी कोण देणार होतं? म्हणून वाचलेल्या वेळात तो चमच्याच्या पाठीवर, जिथं तो टेबलाला घासतो तिथं, चांदीचा जास्तीचा थर द्यायचा आणि निवांत चहा प्यायचा. क्लिफनं हातमोजा काढून हात पुढं केला होता. "मेलो तरी वर जायचं नाही, गड्या. अर्धं तुझं, अर्धं माझं." एनॉकनं तो हात धरला होता.

आता खरं सांगायचं तर एनॉकही धुतल्या तांदळासारखा नव्हता. प्रत्येक जुन्या मुलामेवाल्याची एक बाटली असते. त्यात ज्याचं त्यानं घरी मुरवलेलं, कुजक्या कोबीसारखा वास मारणारं पाणी असतं. सकाळी टाकीत त्यातलं टोपणभर टाकलं की चांदी चमक धरते, नाहीतर ती दुधासारखी पांढरी मरगळलेली येते. बाटलीत काय आहे ते कुणी कुणाला विचारत नाही. बायकोचं वय आणि बाटलीतलं पाणी विचारू नये, अशी म्हणच होती तिथं. दुप्पट करंटवर नेहमीची चमक टिकेना, तेव्हा एनॉकनं गुपचूप पाच महिने खटपट करून वेगळं पाणी मुरवलं, आणि क्लिफला सांगितलं, "जुनंच आहे रे." अर्ध्या-अर्ध्याच्या सौद्यात ही एक गोष्ट त्यानं दाबून ठेवली होती. क्लिफनंही रिवाज म्हणून कधी विचारलं नव्हतं. जलद काम होई ते एनॉकच्याच टाकीवर.

मंगळवारी सकाळी एनॉक आला तर त्याच्या टाकीमागच्या भिंतीला वायरमन शिडी लावून उभा होता. हातात नवा कोरा खटका, पितळेचा, चांगला ताटाएवढा.

"हे काय लावतोस?" एनॉकनं विचारलं.

"करंट उलटसुलट करायचा खटका. सहाही टाक्यांना लावायचेत. आधी पाच, मग तुझी." वायरमननं खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. "बॅगशॉनंच तर काढून दिलंय चित्र. तुला ठाऊक नाही? तुम्ही दोघं तर एका ताटात जेवता."

एनॉकनं कागद बघितला. वीस सेकंद, चार सेकंद. खाली दांडा हलवायच्या पायट्याचंही चित्र होतं, आयडाच्या यंत्राचं, त्याच्यावरची वेलबुट्टीसुद्धा काढली होती. तो बाकावर बसला आणि बराच वेळ हातमोजे चढवायचं विसरला.

दुपारी अंगणात त्यानं क्लिफला गाठलं. क्लिफ भिंतीशी एकटाच बसला होता, आणि आज त्यानं डब्यातला पाव एनॉककडे सरकवला नाही, यावरूनच काय ते कळत होतं.

"कधी गेलास वर?"

"मागच्या सोमवारी."

"म्हणजे आठ दिवस. आठ दिवस माझ्या शेजारी बसून जेवलास. परवा माझ्या आयडानं केलेला केक खाल्लास, वर आणखी मागून घेतलास."

"केकचं काय काढतोस, लेका." क्लिफनं मान वर केली नाही. "फोरमन नाताळात काम सोडतोय. ट्रिकेट साहेब म्हणाले, फोरमनचा तपकिरी कोट पुढं कुणाला द्यायचा ते मी कामावरून ठरवणार. मी पन्नास वर्षांचा झालो, एनॉक. माझे गुडघे ह्या ओल्या फरशीवर गेले."

"आणि माझे काय लोकरीच्या गालिच्यावर गेले?"

"तुझी टाकी राहील. मी बघतो ना. तुझी टाकी राहील असं मी त्यांना सांगितलंय."

"म्हणजे माझ्या टाकीचं दान तू मला करणार. आणि ज्या तिघांना घरी पाठवतील त्यांचं काय? तीन नंबरच्या म्हाताऱ्याचं काय?"

यावर क्लिफ चिडला. "चूक माझी होती, एनॉक. तारा मी उलट जोडल्या. मी जोडल्या नसत्या तर तू आजही पन्नास मिनिटं मोजत उभा असतास. माझी चूक मला विकता येऊ नये?"

"तुझी चूक तू खुशाल विक. माझे दोन हिवाळे कशाला विकलेस?"

क्लिफनं डबा मिटला आणि आत गेला. एनॉकला वाटलं होतं की आपण त्याची गचांडी धरू, पण त्यानं क्लिफला जाऊ दिलं. चोवीस वर्षांत ह्या माणसाला ओळखलं म्हणून मिरवत होतो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला क्लिफइतकाच स्वतःचाही राग आला.

गुरुवारी चाचणी झाली. ट्रिकेट साहेब घड्याळ घेऊन खाली आले, सोबत मालकांचा पुतण्या. क्लिफनं स्वच्छ दाढी केली होती. त्यानं पाच नंबरच्या टाकीत आपल्या बाटलीतलं सकाळचं टोपण टाकलं, तीन डझन चमचे सोडले, नवा खटका वीस-चारच्या तालात फिरवला आणि बावीस मिनिटांनी दांडा वर घेतला. चमचे गुळगुळीत होते, पण पांढरे, दुधाळ, निर्जीव. पुतण्यानं एक उचलून उजेडाकडं धरला आणि विचारलं, "हे असंच असतं का?"

क्लिफच्या कानशिलावरून घाम ओघळला. त्यानं पुन्हा तीन डझन सोडले. पुन्हा तेच. एनॉक आपल्या टाकीशी हाताची घडी घालून उभा होता. कशाची उणीव आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं.

मग क्लिफ वळला. "साहेब, सहा नंबरवर करू. शिमवेलची टाकी ह्याला सरावलेली आहे." आणि एनॉकजवळ येऊन, सगळ्यांदेखत, अख्ख्या मुलामाखान्यात आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं. "एनॉक, तुझ्या बाटलीत काय आहे?"

तीन नंबरचा म्हातारा हातातलं काम टाकून बघायला लागला. वायरमनसुद्धा शिडीवर थबकला.

"काय म्हणालास?"

"तुझ्या बाटलीतलं पाणी वेगळं आहे. मला तू जुनंच म्हणून सांगितलंस." क्लिफचा आवाज खाली आला. "अर्धं तुझं, अर्धं माझं असं ठरलं होतं ना? मग हे का दाबलंस? मी कधी विचारलं नाही ते मर्यादा ठेवून."

एनॉकला ते लागलं. अगदी आरपार लागलं, कारण ते खरं होतं. ज्याला खरं बोलायचा आता काहीएक अधिकार उरला नव्हता, त्याच्या तोंडून ते ऐकावं लागलं, हे त्याहून वाईट होतं.

ट्रिकेट साहेब पुढं आले. "शिमवेल, इथं खाजगी बाटल्या-बिटल्या चालणार नाहीत. कृती कारखान्याची असते. काय असेल ते टाका आणि नंतर ऑफिसात येऊन लिहून द्या."

"टाकतो, साहेब," एनॉक म्हणाला.

त्यानं कपाटातून बाटली काढली. जवळजवळ भरलेली होती, सहज दोन महिन्यांची. रोज टोपणभर, त्याहून एक थेंब जास्त नाही, कारण जास्त झालं की पाणी बिथरतं आणि चांदीला तपकिरी डाग धरतात. मग ती टाकी आठवडेच्या आठवडे, कधी महिने, ताळ्यावर येत नाही. सहा नंबरचं पाणी त्यानं स्वतः बसवलं होतं, युद्धातल्या बॉम्बफेकीतही रोज येऊन त्यावर झाकण आहे की नाही ते बघितलं होतं. त्यानं टोपण काढलं, बाजूला ठेवलं, आणि बाटली टाकीवर उपडी केली. तिचा गळा गटगट वाजत राहिला.

साहेबांना ते सोपंसं वाटलं. "बघा," ते पुतण्याला म्हणाले, "एवढंच होतं." पुतण्यानं वासानं नाकाला रुमाल लावला. पण क्लिफला कळलं होतं. मुलाम्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला ते न कळून कसं चालेल? त्याचं तोंड उघडलं, मिटलं. एनॉक त्याच्याकडं बघत राहिला. आत्ता बोल, असं त्याला मनापासून वाटत होतं. सांग साहेबांना की ह्या म्हाताऱ्यानं टाकी मारली. एवढं तरी माझ्या तोंडावर कर.

क्लिफनं चमचे सोडले आणि बावीस मिनिटं खटका फिरवला, काय निघणार ते माहीत असताना. चमचे निघाले ते गंज चढल्यासारखे, डागांवर डाग. तिकडं तीन नंबरचा म्हातारा खाली मान घालून पुन्हा तारा बांधायला लागला होता.

"हा काय प्रकार आहे, बॅगशॉ?" साहेबांनी विचारलं.

क्लिफनं चमचा हातात घेतला, उलटापालटा केला आणि शांतपणे, अगदी साहेबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "टाकीचं पाणी म्हातारं झालंय, साहेब. गेला महिनाभर मी बघतोय. शिमवेलची त्यात काही चूक नाही. पाणी नवं भरलं की होईल."

ना आवाज कापला, ना पापणी हलली. साहेबांनी मान डोलावली, पुतण्यालाही पटलं. एनॉकला वाचवलं होतं त्यानं, आणि एनॉकच्या पायाखालची फरशी सरकली ती तेव्हा. कारण हा आवाज त्यानं ह्याच आठ दिवसांत रोज ऐकला होता, जेवताना, केक मागताना, सकाळी दारात "थंडी फार आहे आज" म्हणताना. कदाचित चोवीस वर्षंही हाच ऐकला असेल. आता कोणता खरा, ते कसं शोधायचं, हे त्याला कळेना.

"हो ना, एनॉक?" क्लिफनं त्याच्याकडं वळून विचारलं.

सगळे त्याच्याकडं बघत होते. एनॉकनं रिकामी बाटली बाकावर ठेवली.

"हो," तो म्हणाला. "पाणी म्हातारं झालंय."