चुकलं माकलं

गुणाजीच्या उजव्या हाताची तीन बोटं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात पॉवर प्रेसखाली गेली, त्याला आता आठ महिने झाले होते. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी असते. मालकाचं म्हणणं, ती गुणाजीने आपल्या मनानेच काढली, तेव्हा भरपाई कसली? खरं तर जाळी काढायला सांगितलं होतं सुपरवायझर पंढरीने. पण त्या वेळी तिथे तिसरं कोणी नव्हतं, आणि पंढरी मालकाच्या बाजूने साक्ष देणार होता. पंढरी गुणाजीच्याच गावचा. त्यानेच त्याला इथे चिकटवलेलं. पोटापुढे गाववाला कुठला आणि काय.

सत्याऐंशी सालच्या मार्चमध्ये कळव्याच्या खोलीत अर्ज लिहिला गेला. वकील परवडत नव्हता. कोर्टातल्या कारकुनाने सांगितलं होतं, घडलं ते आपल्या शब्दांत लिहून आणा. म्हणून गुणाजी सांगत होता आणि त्याची दहावीतली मुलगी उत्तरा लिहीत होती.

आता गुणाजी पडला गाऱ्हाणं घालणारा. सावंतवाडीकडच्या त्याच्या गावात, देवळापुढे उभं राहून साऱ्या गावासाठी देवाकडे मागण्याचा मान त्याच्या घराचा. तो एकेक मागणं म्हणणार आणि गाव त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देणार. कुणापुढे काही मागायचं तर सुरुवात कशी करावी, ते त्याच्या जिभेत मुरलेलं.

"लिही," तो म्हणाला, "आमचं काही चुकलं माकलं असेल तर पदरात घ्या."

"बाबा, अर्जात असलं नाही लिहीत."

"अगं, मागायला जातोय ना आपण? मग रीत नको?"

पोरगी शहाणी होती, पण बापापुढे तिचं शहाणपण चालत नसे. तिने लिहिलं.

व्हायचं तेच झालं. कामगार कोर्टात मालकाच्या वकिलाने नेमकं तेच वाक्य हेरलं आणि दोनदा वाचून दाखवलं. "साहेब, अर्जदाराला स्वतःची चूक मान्य आहे."

मागच्या बाकावर उत्तराने मान खाली घातली. बोटं तुटली तेव्हा गुणाजी रडला नव्हता, पण आपल्याच तोंडाने आपण पोरीच्या अन्नात माती कालवली, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

"काय चुकलं होतं तुमचं?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. ते म्हणायचं असतं, गाऱ्हाण्यात."

"गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच ना?"

"तक्रार नाय, साहेब. देवाला घालतात ते."

वकील हसला. साहेब हसले नाहीत. "घालून दाखवा बघू," ते म्हणाले.

गुणाजीने हात जोडले. उजव्याचा अंगठा आणि करंगळी तेवढी डाव्या हाताला भिडली. डोळे मिटले आणि तो थेट गावच्या बोलीवर आला.

"बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे उभा आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दारातून आवाज आला. कोर्टाचा पट्टेवाला कणकवलीचा निघाला. त्याने लगेच जीभ चावली.

"काय चुकला माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता आवाज दोन होते.

"जाळी काढ, मालाची घाई आसा, असा माका पंढरीन सांगल्यान. त्येच्यार राग धरू नको. त्येच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा."

पट्टेवाला गप्प राहिला; यातलं त्याला काय ठाऊक? साक्षीदाराच्या बाकावरून एकटा पंढरी बोलला, "व्हय म्हाराजा."

वकील ताडकन उठला. "साहेब, ही नुसती सवय आहे यांची."

"सवय तर खरीच," पंढरी उभा राहत म्हणाला. "पण गाऱ्हाण्यात खोटं व्हय म्हणत नाय आमच्यात. जाळी मीच काढायला सांगितलेली."

साहेबांनी ते शब्द लिहून घ्यायला सांगितले. गुणाजीने मात्र अजून डोळे उघडले नव्हते. गाऱ्हाणं अर्धं सोडायचं नसतं, आणि शेवटचं मागणं राहिलं होतं. पंढरीची नोकरी टिकू दे, एवढंच त्याने मागितलं.

या वेळी व्हय म्हणायचं पंढरीला जमलं नाही; त्याने नुसते हात जोडले. त्याच्याऐवजी, गावची बोली कधी तोंडात न आणणारी उत्तरा मागून म्हणाली, "व्हय म्हाराजा."