पारड्याखालचा खडा

मित्रांनो, मी एक जुना पितळी तराजू आहे आणि माझा तुमच्यावर फारसा विश्वास नाही. रागावू नका. संशय हा तराजूचा पिंडच. गिऱ्हाईक डोळे बारीक करून माझ्या काट्याकडे बघायचं आणि मी त्याच्या बोटांकडे. कुणाचं बोट कधी पारड्याला टेकेल, नेम नाही!

कोपरखैरणे गावातल्या मालतीबाई माझ्या मालकीण. तीस वर्षं त्यांनी माझ्यावर सोडे नि जवळा, अशी सुकी मासळी तोलून विकली. काटा हलायला लागला, की त्या गुणगुणायच्या:

उभा रं काट्या ऱ्हाय, नको झुकू माझ्याकड,
झुकल्या काट्याचा घास, माझ्या पोरांना होईल जड.

"मावशीचा तराजू गाण्यावर नाचतो," असं बायका म्हणायच्या. माझं कौतुक तेवढंच. पुढे आकडे दाखवणारा काटा आला आणि मी माळ्यावर गेलो. कोळिष्टकांनी माझी पारडी भरली.

यंदा मार्चात मालतीबाईंची नात सोनल हिच्या तिसरीच्या वर्गात वजनाचा धडा लागला. रंजिता टीचरनी घरून मोजण्याची साधनं मागवली. सोनलनं मला वरवर चिंचेनं घासलं आणि ऐटीत वर्गात नेलं. हितेश नावाच्या मुलाची नजर मात्र मला पहिल्यापासून बरी वाटेना. त्यानं माल ठेवायचं पारडं उलटं केलं. तळाला तारेनं एक खडा बांधलेला होता.

"टीचर, इकडे दगड लावलाय! म्हणजे माल कमी, वजन जास्त. सोनल, तुझी आजी चोर हाय काय?"

वर्ग हसला. टीचर हसल्या नाहीत, पण त्यांनी मला बाकीच्या साधनांतून उचलून बाजूला ठेवलं. तेच मला जास्त लागलं.

घरी सोनल आजीशी बोलेना.

"काय गो, तोंड का शिवलंस?"

"तराजूला खडा कशाला लावलास?"

मालतीबाईंनी खड्यावरून बोट फिरवलं. "उद्या शालंत येते. तिथंच दावते."

खरं सांगू? माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता. तार गंजलेली, पितळ झिजलेलं. आता मी खरं बोलेन कशावरून?

दुसऱ्या दिवशी मालतीबाईंनी मला हितेशच्याच हाती दिलं. "धर रे बाला. मोकलाच धर, कायबी घालू नको."

माझा काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, थरथरला आणि मधोमध उभा राहिला.

"आता खडा सोड."

खडा सुटताच दुसरं पारडं खाली गेलं. ते वजनमापांचं पारडं. एकदा बाजारात पडून ते चिरलं होतं आणि तांबटानं त्याला जाड जोड दिला होता. त्या जोडाचा भार फेडायला हा खडा होता.

"सॉरी, आजी," हितेश म्हणाला.

"सॉरी कशाला? बघितलास ता बरा केलास." मग मला त्याच्या हातून घेऊन त्या सोनलकडे वळल्या. "तुला पन वाटला ना, आजी चोर हाय?"

सोनलनं मान खाली घालून "हो" म्हटलं. माझ्या दांडीवरची मालतीबाईंची मूठ आवळली. मग तीच मूठ सोडून त्यांनी नातीचे केस मागे सारले.

"इचारलास तरी. मनात ठेवला असतास, त मी तुझ्या मनात चोर म्हनूनच मेले असते."

मित्रांनो, संशय घ्या, मी कोण अडवणारा! पण आधी तराजू रिकामा धरून बघा. आणि जुन्या वस्तूला, जुन्या माणसाला कुठं ठिगळ दिसलं, तर ते का लागलं हे त्यांनाच विचारा. सांगणारं तोंड समोर आहे, तोवर विचारा.